डावं चाक आमचं

३१ ऑगस्ट, गुरुवार

आज उतारावर ट्रॅक्टरचं मागचं चाक जमिनीवरून उचललं गेलं. वर मी बसले होते.

पुढच्या लोडरवर, म्हणजे ओझं उचलणाऱ्या लोखंडी हातांवर, नाशपातीची भरलेली पेटी होती. पेटी म्हणजे चार माणसं आत मांडी घालून पत्ते खेळतील एवढी. पुढे एवढं ओझं असलं की मागे त्याला तोलून धरणारं वजन लागतं, नाहीतर ट्रॅक्टर नाकावर आपटतो. त्यासाठी मागच्या दोन्ही टायरांत पाणी भरलेलं असतं. आमच्या टायरांत ते सासऱ्यांनी भरलं होतं, आणि थंडीत गोठू नये म्हणून त्यात मीठ घातलं होतं; रस्त्यावरचा बर्फ वितळवायला टाकतात ते. पाणी कधी गोठलं नाही. इतकी वर्षं आत बसून त्याने निवांतपणे लोखंड खाल्लं. आज डाव्या चाकाची रिम फुटली, पाणी वाहून गेलं आणि मी अधांतरी लटकले.

पेटी झटकन खाली टेकवली म्हणून चाकही खाली आलं.  इन्स्पेक्टरने येऊन चाक हुंगलं. इन्स्पेक्टर हा आमचा कुत्रा. ट्रॅक्टर थांबला की चारी चाकांची तपासणी केल्याशिवाय त्याला चैन पडत नाही.

घरी येऊन यांना सांगितलं. हे म्हणाले, "डावं?"

"डावं."

"म्हणजे आपलं."

बायको जागेवर आहे का, हा प्रश्न दुसऱ्या क्रमांकावर होता. विचारला, नाही असं नाही.

पुढेमागे ही वही कुणी वाचली तर त्याला मी वेडी वाटेन, म्हणून वाटणीचं लिहून ठेवते. सासरे गेले आणि दोघा भावांनी वेगळं व्हायचं ठरवलं. घराच्या मधोमध भिंत आली, बागेतल्या ओळी वाटल्या गेल्या. ट्रॅक्टर काही कापता येईना. तेव्हा असं ठरलं की इंजिन दोघांचं, डावी बाजू थोरल्याची, उजवी धाकट्याची. डावा दिवा फुटला तर आम्ही बदलायचा, उजवा आरसा तडकला तर त्यांनी. हे ऐकून वकील हसला नाही, तेव्हाच मला शंका यायला हवी होती. तेव्हापासून भावाभावांचं बोलणं बंद. भांडण नेमकं कशावरून झालं ते आता दोघांनाही धड सांगता येत नाही. हे म्हणतात, शिडीवरून. शिडी आमच्याकडेच आहे.

आणि ट्रॅक्टर चालवणारी मी एकटी. यांची कंबर गेलेली, भाऊजींना स्टुलावर चढलं तरी गरगरतं, आणि त्यांची बायको, माझी धाकटी जाऊ, तिचा पाय क्लचपर्यंत पोचत नाही. दोन घरांची फळं, एक ट्रॅक्टर, एक बाई. तोडणी तर आत्ता कुठे सुरू झाली आहे.

३ सप्टेंबर, रविवार

टायरवाला परवा येऊन गेला. डाव्या रिमला अंगठा जाईल एवढं भोक आहे. उजवीवर त्याने हातोडी नुसती टेकवली तर हातोडी आत गेली. त्याने दोन्ही टायर रिकामे केले. ते तपकिरी पाणी शेडमागच्या गवतावर सोडलं. तिथे आता काही उगवणार नाही. सासऱ्यांची आठवण म्हणून तसंच ठेवू. जुन्या पण धड अशा दोन रिमा तो बसवून देणार आहे. जाताना म्हणाला, "आत काय भरायचं ते मात्र तुम्ही ठरवा. पुन्हा मीठच भरलंत तर माझं काही जात नाही, मी पुन्हा येईन."

म्हणून आज शेडमध्ये बैठक. शेडला दोन दारं, एक आमच्या अंगणातून, एक त्यांच्या. हे आमच्या दाराने येऊन डावीकडे उलट्या पेटीवर बसले. भाऊजी त्यांच्या दाराने आले आणि जुन्या मोटारीची एक सीट तिथे पडलेली असते तिच्यावर उजवीकडे बसले. मध्ये ट्रॅक्टर. आम्ही दोघी जावा बॉनेटपाशी उभ्या, टपालखात्यासारख्या.

"दादाला सांगा वहिनी," भाऊजी मला म्हणाले, "नुसतं पाणी चालायचं नाही. पहिल्याच थंडीत टायरचा दगड होईल."

"त्याला सांग," हे धाकटीला म्हणाले, "एवढं मला कळतं."

धाकटीने निरोप पुढे दिलाच नाही. म्हणाली, "ऐकू गेलंय त्यांना."

मग नावं निघाली. खारं पाणी स्वस्त आणि जड, पण लोखंडाचा वैरी. गाडीच्या काचा धुवायचं निळं पाणी गोठत नाही, पण हलकं, आणि रिमला वेल्डिंग करायला गेलं तर पेट घेईल. गाडीच्या इंजिनातलं कूलंट. आणि साखर कारखान्यातली बीटाची मळी, जी म्हणे खूप जड असते, गोठत नाही आणि गंजवत नाही. चाकांना बाहेरून लोखंडी चकत्या लावायचंही निघालं. त्या उचलणार कोण, असं मी विचारलं तेव्हा सगळ्यांनी माझ्याकडे पाहिलं, म्हणून तो विषय मीच संपवला.

भाऊजी म्हणाले, ऐकीव गोष्टींवर विश्वास नको, खिळे टाकून बघू. यांनी ताबडतोब होकार दिला, म्हणजे होकार आहे असं धाकटीला सांगायला सांगितलं. जामच्या रिकाम्या बरण्या घेऊन प्रत्येकीत एकेक द्रव आणि एकेक नवा खिळा टाकायचा. बरण्या शेडच्या खिडकीत राहतील आणि दर रविवारी सगळ्यांनी मिळून बघायच्या. खिडकीच्या डाव्या अंगाला आमच्या बरण्या, उजव्या अंगाला त्यांच्या, कारण याच्या खिळ्यावर त्याचा विश्वास नाही.

मी विचारलं, "आणि तोवर मी काय करू?"

"अर्धी पेटी भर," हे म्हणाले.

"वहिनींना सांग, अर्धीच भरा म्हणावं," भाऊजी धाकटीला म्हणाले.

या एका मुद्द्यावर दोन्ही घरांचं एकमत आहे.

७ सप्टेंबर, गुरुवार

धड रिमा बसल्या, पण टायरांत नुसती हवा. अर्ध्या पेट्या म्हणजे दुप्पट खेपा. हे गणित घरातल्या दोन पुरुषांना येत नाही असं नाही, त्यांना ते करायचं नाही. मागच्या बाजूला दगडांची पेटी टांगून पाहिली. ओळीच्या टोकाला वळता येईना. दोन झाडांची साल काढली. नशिबाने एक आमचं निघालं आणि एक त्यांचं, त्यामुळे तक्रार नाही.

खांदे भरून आलेत. हे म्हणाले, जेवण झालं की तेल लावून देतो. जेवण झालं आणि घोरायला लागले.

१० सप्टेंबर, रविवार

खिळ्यांचा पहिला निकाल. खाऱ्या पाण्यातला तांबूस झालाय, साध्या पाण्यातलाही. बाकीचे चकचकीत. दोन्ही बाजूंच्या बरण्यांत अगदी तेच. म्हणजे एकाच संचात काम झालं असतं, पण ते म्हणायची सोय नाही.

टायरवाल्याने सांगितलं होतं, डोकं खाऊ नका, सरळ गाडीचं कूलंट भरा. यांना ते पटत आलं होतं. भाऊजी एकदम सीटवरून उठले.

"ते गोड असतं, वहिनी. थेंबभर सांडलं तरी इन्स्पेक्टर चाटणार. विष आहे ते. दोन दिवसांत संपेल तो."

मी म्हटलं, "कुत्रा आमचा. काळजी तुम्हाला?"

"कुत्रा कुत्र्याचा," असं म्हणून भाऊजी पुन्हा बसले. धाकटीने शेडचं छप्पर निरखायला सुरुवात केली. इन्स्पेक्टर भाऊजींच्या चपलेवर डोकं ठेवून झोपला होता. त्याला नाही कळत, आपली बाजू कोणती ते. हल्ली त्याचं कशातच लक्ष नाही. घरी वाडग्यातलं अर्धं तसंच टाकतो, आणि तरी गळ्याचा पट्टा सैल करावा लागला. वय झालं, दुसरं काय.

यांनी मात्र वाद घातला नाही. "विषारी नको," एवढंच म्हणाले.

तर आता उरले दोन उमेदवार. भाऊजींना कूलंटमधलाच तो बिनविषारी प्रकार हवा आहे. यांना मळी. भाऊजी म्हणतात, मळी चिकट, टायर दुरुस्त करायला कुणी हात लावणार नाही. हे म्हणतात, ते कूलंट हलकं, पाण्यात आणि त्यात फरक तो काय. दोघांचंही खरं आहे. दोघांचं खरं असलं की आमच्याकडे निर्णय होत नाही.

१७ सप्टेंबर, रविवार

हे आज सकाळी दाढी करून, धुतलेला शर्ट घालून शेडमध्ये गेले. ट्रॅक्टरच्या शेडमध्ये. लग्नाच्या वाढदिवसाला एवढं केलं असतं तर मी फोटो काढला असता.

आज बादल्या वजन करायचा कार्यक्रम होता. एक बादली मळी, एक बादली कूलंट. ताणकाटा भाऊजींचा, बादल्या आमच्या. मळीची बादली एवढी जड की हे वाकले आणि तिथेच अडकले. भाऊजी म्हणाले, "ठेव ती खाली. तुला कुणी सांगितलं उचलायला? कंबर मोडून घेशील." हे म्हणाले, "मग तू उचल." भाऊजींनी उचलली. आम्हा टपालखात्याला आज काहीच काम नव्हतं, म्हणून मी घरी येऊन कपडे वाळत घातले.

एका बादलीला किती वेळ लागावा? दुपार झाली तरी पत्ता नाही. चहा घेऊन गेले तेव्हा शेडमधून हसण्याचा आवाज येत होता. दार ढकललं तर दोघेही खिळ्यांकडे बघत गंभीरपणे बसलेले.

"ठरलं का?"

"घाई करून चालत नाही," हे म्हणाले.

"एकदा भरलं की भरलं," भाऊजी म्हणाले.

उद्या पुन्हा अर्ध्या पेट्या. आजकाल गुडघाही आवाज करतो, क्लच दाबला की. ट्रॅक्टरच्या डाव्या बाजूसारखी माझीही एक बाजू कुणाच्या तरी वाट्याला गेली असेल, तर त्याने येऊन बघावं.

२४ सप्टेंबर, रविवार

मळी हरली. निदान असं दिसतंय. आमच्या मळीच्या बरणीतला खिळा, जो तीन रविवार आरशासारखा होता, तो आज तपकिरी, खरखरीत निघाला. रात्रीतून एवढा गंज? मी वाकून पाहिलं तर त्याचं डोकं जरा वाकडं होतं, आणि आमचा वाकड्या डोक्याचा खिळा मी पहिल्या दिवशी माझ्या हाताने खाऱ्या पाण्यात टाकला होता.

म्हणजे कुणीतरी खिळे बदललेत. मळी हरली तर कुणाचा फायदा, एवढं कळायला पोलिसात असावं लागत नाही. भाऊजींकडून ही अपेक्षा नव्हती. मी त्यांच्याकडे रोखून पाहिलं. नवल म्हणजे माणूस जिंकल्यासारखा दिसेना. उलट म्हणाले, "एका खिळ्यावरून मळीला नापास करणं बरोबर नाही. पुन्हा पहिल्यापासून करू. नव्या बरण्या, नवे खिळे."

"अजून महिनाभर बघू," हे म्हणाले. यांच्या उमेदवाराचा पराभव झालेला, तरी चेहरा उजळलेला.

जेवताना यांची बोटं ताटाला चिकटत होती. जामच्या बाटलीत बोट घालायची सवय या वयातही जात नाही. बोललेच मी. यांनी मुकाट्याने हात धुतले.

२७ सप्टेंबर, बुधवार

सकाळी गवत दवाने ओलं होतं. अर्धीच पेटी होती. उतरताना मागचं टायर घसरलं, मग उचललं, मग आपटलं. मी ओरडलेही नाही, ओरडायला दम लागतो. खाली सपाटीवर आल्यावर इंजिन बंद केलं.

तशीच चालत आले आणि दोन्ही घरांना ऐकू जाईल अशी अंगणांच्या मधल्या कुंपणापाशी उभी राहिले. म्हटलं, शुक्रवारपर्यंत टायर भरले नाहीत तर मी त्या ट्रॅक्टरवर चढणार नाही. फळं झाडावर सडू देत. दोघांची सारखीच सडतील, वाटणीचा प्रश्न नाही.

हे दारात आले. चेहरा पांढरा पडला होता. भाऊजीही त्यांच्या दारात. कुणी घाई करू नका म्हणालं नाही.

२९ सप्टेंबर, शुक्रवार

टायर भरले. मी वरच्या ओळींत होते, टायरवाला आला तेव्हा. येऊन विचारलं, "भरलं?"

"भरलं. चारांपैकी तीन हिस्से द्रव, वर हवा," हे म्हणाले.

कुंपणापलीकडे भाऊजींना विचारलं, तेही म्हणाले, भरलं.

शेडमध्ये डावीकडे जळक्या साखरेसारखा वास येत होता. म्हणजे शेवटी मळीच. चला, सुटले. आज पाठ टेकल्याबरोबर झोपणार आहे.

३० सप्टेंबर, शनिवार

लिहिल्याशिवाय आज राग जाणार नाही.

सकाळी पहिल्यांदा पूर्ण पेट्या घेतल्या. सरळ खाली उतरताना ट्रॅक्टर असा चालला की मला त्याची पापी घ्यावीशी वाटली. जरा डावीकडे ओढत होता, तिकडे दुर्लक्ष केलं. मग मधल्या ओळीत आडवी वळले. उताराला आडवं जायचं म्हणजे डावं चाक खालच्या अंगाला, उजवं वरच्या. अर्ध्या ओळीत पोचले आणि उजवं चाक हलकं झालं. चालवणाऱ्याला ते बसल्या जागी कळतं. पेटी खाली टेकवायला गेले तर ट्रॅक्टर आणखी डावीकडे कलला. मी लिव्हर सोडला, ब्रेक दाबला आणि श्वाससुद्धा बेताने घ्यायला लागले. उडी मारायची तर उजवीकडे, वर. पण मी उठले असते तर तेवढंही वजन गेलं असतं.

हाक मारली. कुणाच्या नावाने मारली ते आठवत नाही.

दोघेही धावत आले. हे खालच्या ओळीतून, कंबरेचा पट्टा धरून. भाऊजी वरून. मला वाटलं, जो तो आपापल्या बाजूला जाणार आणि हे डावीकडे लोंबकळले की मी संपले. पण हे मागून वळसा घालून उजवीकडे आले, आणि भाऊजींच्या बाजूच्या मडगार्डवर चढले. वाटणी झाल्यापासून यांनी त्या बाजूला हात लावला नव्हता. पाठोपाठ भाऊजी, स्टुलाला घाबरणारे, चढले. दोघे बाहेरच्या अंगाला लटकले, दोन पोत्यांसारखे.

"दादा, तू उतर. तुझी कंबर—"

"गप बस. खाली बघू नकोस, बारक्या."

"नाही बघत."

"डोळे मीट."

"मिटलेत कधीच. तू मला सोडू नकोस म्हणजे झालं."

पन्नाशी उलटलेल्या माणसाला बारक्या. मी म्हटलं, "मी गिअर टाकू, की आधी तुमचं संमेलन उरकतंय?"

"हळू," दोघे एकदम म्हणाले.

उजवं चाक जमिनीला बसलं. मग मी रिव्हर्स टाकून, वीतवीत मागे घेत, ज्या वाटेने आले त्याच वाटेने ओळीबाहेर काढला. सपाटीवर येऊन इंजिन बंद केलं तरी दोघे उतरेनात. भाऊजींचे डोळे मिटलेले, यांनी त्यांची कॉलर मुठीत धरलेली. इन्स्पेक्टरने चाकं तपासायला घेतली.

मी विचारलं, "डाव्यात काय भरलंय?"

"मळी," हे म्हणाले.

"आणि उजव्यात?"

"कूलंट," भाऊजी म्हणाले. "बिनविषारी."

"एका ट्रॅक्टरच्या दोन टायरांत दोन वेगळ्या वस्तू. एक जड, एक हलकी. का?"

"डावं आमचं," हे म्हणाले.

"उजवं आमचं," भाऊजी म्हणाले.

यानंतर मी जे बोलले ते इथे लिहीत नाही. वही चांगल्या कागदाची आहे. टायरवाल्याला फोन केला. तो म्हणतो, "मी विचारलं होतं. दोघे म्हणाले, असंच असतं. मला वाटलं, तुमच्या घरी असेल पद्धत."

१ ऑक्टोबर, रविवार

हे आडवे पडून आहेत, कूस बदलताना विव्हळतात. सकाळी भाऊजी स्वतः आले, आमच्या दाराने. उंबऱ्याबाहेरच उभे राहिले. म्हणाले, "उजव्यातही मळीच भरू."

"बरं," हे आतून म्हणाले.

झालं. ठरलं. महिना घालवला त्या गोष्टीला एवढाच वेळ लागायचा होता, तर मग हे दोघे रविवारचे रविवार शेडमध्ये बसून करत काय होते? मी हे मोठ्याने विचारलं. यांनी विव्हळत कूस बदलली.

दुपारी धाकटी गरम पाण्याची पिशवी घेऊन आली. आमच्याकडे आहे म्हटलं तरी ठेवून गेली. "त्यांनी पाठवलीय," म्हणाली. पिशवी तीच, सासऱ्यांची. वाटणीत त्यांच्याकडे गेली होती आणि त्यावरून हे तेव्हा आठवडाभर जेवले नव्हते. आता पोटाशी धरून झोपलेत. कंबर मागच्या बाजूला असते हे सांगायचा मला कंटाळा आला.

५ ऑक्टोबर, गुरुवार

उजव्यातलं कूलंट काढून मळी भरली. यावेळी मी स्वतः उभी राहिले, दोन्ही टायरांना हात लावून, वास घेऊन. आडव्या ओळीतून भरलेली पेटी नेली, आणली. ट्रॅक्टर जमिनीला असा धरून चालतो की वाटतं, आता वळायला सांगितलं तर विचार करून सांगतो म्हणेल. खाली उतरल्यावर रडू आलं. दमल्यामुळे.

२१ ऑक्टोबर, शनिवार

तोडणी संपली. सगळी फळं उतरली, दोन्ही घरांची. माझं वजन घटलंय. ट्रॅक्टर धुतला, शेडमध्ये लावला, उन्हाळ्यापर्यंत त्याचं तोंड बघायचं नाही. खिडकीतल्या बरण्या काढून धुऊन ठेवल्या. खिळे फेकून दिले. यांनी विचारलं, "का फेकलेस?" म्हटलं, "लोणचं घालायचं होतं का?"

५ नोव्हेंबर, रविवार

पहिली कडक थंडी. अंगणातलं डबकं गोठलं. टायर मात्र मऊच आहेत, यांनी सकाळी जाऊन दाबून पाहिले.

आज यांनी दाढी केली. धुतलेला शर्टही घातला.

"कुठे जायचंय?"

"कुठे नाही."

आणि खिडकीपाशी बसून राहिले. बसून बसून माणूस अंगात गारठतो. भिंतीपलीकडे भाऊजी खोकत होते, तर यांनी रेडिओ बारीक केला. म्हटलं, ऐकताय तर ऐका नीट. म्हणाले, बॅटरी संपते. आमचा रेडिओ विजेवर चालतो, पण कुणी भांडावं.

इन्स्पेक्टर जेवायच्या वेळेला कुठे जातो कोण जाणे.

१२ नोव्हेंबर, रविवार

पुन्हा दाढी. पुन्हा खिडकी. मी म्हटलं, एवढंच सुनं वाटत असेल तर कपाट आवरा. आवरलं नाही.

१९ नोव्हेंबर, रविवार

टायरवाल्याला आज फोनवर चांगलं फैलावर घेतलं. डाव्या चाकाच्या व्हॉल्व्हमधून मळी पाझरते आहे. शोधून काढलं यांनीच; बंद ट्रॅक्टर, गारठलेली शेड, सकाळी सकाळी यांना तिथे काय काम होतं ते नाही सांगितलं. चेहरा मात्र लॉटरी लागल्यासारखा. "बारक्याला कळवायला पाहिजे," म्हणाले. "चाक आपलं आहे, त्यांना कशाला?" असं मी म्हणेपर्यंत भाऊजीच दारात. म्हणाले, "दादा, उजवा व्हॉल्व्ह पाझरतोय."

दोन्ही व्हॉल्व्ह एकाच सकाळी सैल. टायरवाला शपथेवर सांगतो, पकडीने आवळले होते, आपोआप सुटणं शक्य नाही. मग काय भुताने सोडले? असली निष्काळजी माणसं.

म्हटलं, दोन वळसे द्यायचे आणि मोकळं व्हायचं, त्यात काय. पकड शोधली तर जागेवर नाही. सापडली यांच्या कोटाच्या खिशात, जबड्याला मळी लागलेली. घेऊन शेडकडे गेले.

खिडकीत बरण्या. पुन्हा. यावेळी व्हॉल्व्हला लावायच्या वॉशरांची परीक्षा चाललीय: कुठलं रबर मळीत टिकतं, कुठलं नाही. दर रविवारी बघायचं. छोटा हीटर एकच आहे म्हणून यांची पेटी आणि भाऊजींची सीट एकाच बाजूला, खांद्याला खांदा. हे कसलंतरी रबर ताणून दाखवत होते आणि भाऊजी म्हणत होते, "अरे हे नव्हे रे, बाबा वापरायचे ते काळं."

मी आत शिरणार तोच धाकटीने दाराशी माझा कोपर धरला.

"राहू द्या ना, ताई."

"अगं, दोन मिनिटांचं काम आहे."

"म्हणूनच म्हणते. थेंब थेंब तर जातोय."

"थेंब थेंब करून चाक रिकामं होईल. पुढच्या तोडणीला मी पुन्हा वर लटकू का?"

"तोडणीच्या आधी मी स्वतः आवळीन," ती म्हणाली. "माझ्यावर सोडा. आत्ता बसलेत, तर बसू द्या."

हिला कामाची घाई कधीच नव्हती. पण मलाही कंटाळा आला होता, आणि बाहेर थंडी फार होती. तोडणीआधी मी दोन्ही व्हॉल्व्ह स्वतः तपासणार, असं तिला बजावलं, पकड तिच्या हातात दिली आणि चहा टाकायला घरी आले. चार कप टाकला.

घेऊन गेले तेव्हा इन्स्पेक्टर आधी डाव्या व्हॉल्व्हखाली चाटत होता, मग उजव्या. पट्टा आणखी सैल करावा लागणार.